पक्की मूठ

३ नोव्हेंबर, सोमवार

सुखरूप पोहोचलो. काही हरवलं नाही, काही सांडलं नाही. हत्यारांची पेटी सगळा प्रवास मांडीवर घेऊन बसलो होतो. उतरताना पायांना मुंग्या आल्या, तेव्हा कंडक्टरने दंडाला धरून खाली उतरवलं. म्हणाला, आजोबा, पेटीत सोनं आहे का? मी म्हटलं, सोनं असतं तर बसने कशाला आलो असतो. तो हसला. नव्या गावात पहिल्याच माणसाला हसवलं, म्हणजे शकुन चांगला.

दुकान बघून जीव भांड्यात पडला. पुढे दुकान, मागे माझी खोली, वर मालकीणबाई. इथल्या जुन्या मिस्त्रींच्या त्या पत्नी. मिस्त्रींनी जन्मभर या गल्लीतल्या सुऱ्या-चाकूंना मुठी बसवल्या. उन्हाळ्यात ते गेले, तेव्हापासून दुकान बंद होतं. धार लावणारे पुष्कळ मिळतात, दारावर ओरडत येतात. मूठ नीट बसवणारा माणूस मात्र हल्ली दिवा घेऊन शोधावा लागतो. खिडकीखाली बाकडं आहे, शेगडी आहे, शिसवी लाकडाचे तुकडे आकारानुसार रचून ठेवलेत. समोर गल्लीचा चौक दिसतो. मोची, खाटीक, खानावळ. सगळे सुरीवाले. माझ्यासाठीच वसवल्यासारखी गल्ली.

बाईंनी अट घातली. भाडं नको, पण मिस्त्रींच्या नावाला बट्टा लागता कामा नये. मूठ ढिली झाल्याची एक जरी तक्रार आली तर पेटी उचलायची. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? थोरल्या मुलाच्या घरी माझी खाट गॅलरीत होती, नातीचा अभ्यास सुरू झाल्यावर ती खाटही आत-बाहेर व्हायला लागली. निघालो तेव्हा कुणी राहा म्हणालं नाही. इथून परत जायचं झालं तर कुठे, हा विचार मी करत नाही.

बाईंनी आणखी एक सांगितलं. मिस्त्री मूठ बसवली की ती लगेच गिऱ्हाइकाला देत नसत. संध्याकाळभर हातात घ्यायचे, खाली ठेवायचे, परत घ्यायचे, परत ठेवायचे. मुठीला सोडायची सवय लावावी लागते, म्हणायचे. मी मान डोलावली. प्रत्येक कारागिराचं एकेक खूळ असतं.

ही वही सूनबाईची. म्हणाली, बाबा, फोनवर सगळं सांगत बसू नका, ह्यांना कामं असतात, जे वाटेल ते वहीत लिहून काढा. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण अक्षर लागतं. आणि वही कधी कामात नसते.

५ नोव्हेंबर, बुधवार

पहिलं काम आलं. खाटिकाची मोठी सुरी. पातं उत्तम, मूठ मात्र चिंध्या गुंडाळून कशीबशी धरलेली. खाटीक म्हणजे दारात मावणार नाही असा माणूस. सगळी गल्ली त्याला दादा म्हणते, मीही म्हटलं, वयाने माझ्या मुलाएवढा असून. म्हणाला, काका, मिस्त्री गेल्यापासून ही सुरी विधवा झालीय बघा.

काम मन लावून केलं. मूठ कशी बसवायची ते इथे लिहून ठेवतो, वाचणारा कुणी नसला तरी. पात्याची मागची शेपटी मुठीत जाते. गिरमिटाने भोक पाडायचं ते शेपटीपेक्षा जरासं अरुंद. लाख आणि विटेची भुकटी एकत्र करून भोकात भरायची. शेपटी शेगडीवर तापवायची आणि सरळ आत दाबायची. लाख वितळते, सगळ्या फटी भरून काढते. थंड झाली की दगड. मग कानस, पॉलिश पेपर, जवसाचं तेल.

खरी मेख लाख थंड होण्याच्या वेळची. तेवढ्यात पातं केसभर जरी कललं तरी सुरी जन्माची वाकडी. मिस्त्री तारेला टांगून ठेवत असावेत, भिंतीत तशी तार आहे. माझा तारेवर विश्वास नाही. मी मूठ हातात घट्ट धरून बसतो, लाख पार गार होईपर्यंत. हात कापतात माझे हल्ली, पण धरलं की कापत नाहीत. धरण्यात मी पक्का आहे. आमच्या हिच्या शेवटच्या दिवशीही तिचा हात असाच धरून बसलो होतो, थोरल्याने माझी बोटं एकेक करून सोडवली.

सुरी गार झाली तशी दादाला देऊन टाकली. घ्या-ठेवा केलं नाही. खाली ठेवताना उगाच दणका बसला असता.

८ नोव्हेंबर, शनिवार

कामं येताहेत. मोच्याची रापी, म्हणजे चामडं कापायची त्याची रुंद पात्याची सुरी, तिला मूठ बसवली. खानावळवालीच्या भाजीच्या सुरीलाही. आणखी पाच-सहा घरगुती चाकू झाले.

पण गिऱ्हाईक थांबत नाही. सुरी टाकतात, जातात. नेतात, जातात. मी दुकानात दोन खुर्च्या मांडल्या, पुसून ठेवल्या. मोची म्हणाला, काका, न्हाव्याचं दुकान काढताय का? पण बसला नाही. खानावळवाली जेवणाचा डबा पाठवते, तोही दारात ठेवून नोकर निघून जातो. संध्याकाळी थोरल्याला फोन लावला. मीटिंगमध्ये होता.

बाई वरून विचारतात, तक्रार नाही ना? नाही, म्हणतो. मग दार लागल्याचा आवाज.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज फार छान दिवस गेला. खानावळवाली स्वतः आली. मी घाबरलो, म्हटलं आली तक्रार. तर ती हसत होती. सुरी तिच्या हातातच होती. म्हणाली, काका, काय मूठ बसवलीत हो, सकाळपासून खाली ठेवायची आठवणच होत नाही. पोळ्या लाटल्या त्याही सुरी धरून. नवरा म्हणतो, लग्नात माझा हात तरी एवढा धरला होतास का.

ती खुर्चीवर बसली आणि बराच वेळ बोलली. गिऱ्हाइकांच्या नकला केल्या. मी चहा केला, तो तिने डाव्या हाताने प्यायला. इतकं बोलणं मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. ती गेल्यावर दुसरी खुर्चीही परत पुसली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मोची आला. रापी हातात. म्हणाला, बोटं आखडलीत, थंडीने असेल. बायको म्हणते, रापी ठेव नाहीतर अंगणात झोप. हसून सांगत होता, पण डोळे हसत नव्हते. मी त्याची बोटं सोडवून पाहिली. करंगळीसुद्धा हलली नाही.

दुपारी दादाही आला. तोही बसला. दोन्ही खुर्च्या भरल्या. मी स्टुलावर. दादाला चहा मी चमच्याने पाजला, कारण त्याचा डावा हात लहानपणापासून अधू आहे. एवढा मोठा माणूस, लेकरासारखा तोंड उघडून बसला होता. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मूठ चांगली बसली की नाही हे मी कागदाने तपासतो. मूठ आणि पातं यांच्यामध्ये कागदाची कड गेली नाही, तर काम पक्कं. आज मोच्याचा तळवा आणि मूठ यांच्यामध्ये कागद घालून पाहिला.

गेला नाही.

बाहेरून दिसायला हात हात आहे, लाकूड लाकूड आहे. मध्ये रेघ नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बाई जिन्यात थांबल्या आणि विचारलं, मुठी घेऊन-ठेवून देता ना? मी हातातली कानस पुसू लागलो. त्यांनी कठडा धरला. म्हणाल्या, अहो, नवी मूठ तान्ह्या पोरासारखी असते, पहिल्या हातात जे शिकते तेच तिला येतं. तुम्ही तिला काय शिकवलंत?

मी धरायला शिकवलं. सोडायला कुठे शिकवलं.

बाईंनी मला जायला सांगितलं नाही. तक्रार ढिल्या मुठीची असती तर सांगितलं असतं, असं म्हणाल्या. त्या स्वतःच आपल्या बहिणीकडे निघून गेल्या. किल्ली कठड्यावर ठेवून.

१९ नोव्हेंबर, बुधवार

उपाय सापडला. सोपा आहे. ज्या उष्णतेने बसवलं, तिनेच निघतं. खानावळवालीला शेगडीजवळ बसवलं, हाताला ओलं फडकं गुंडाळलं आणि पातं निखाऱ्यावर धरलं. लाख मऊ झाली, पातं ओघळल्यासारखं बाहेर आलं. त्याबरोबर तिची बोटं उघडली आणि मूठ जमिनीवर पडली. तळहातावर लाकडाच्या रेषांचे वण होते, बाकी हात शाबूत.

मला वाटलं ती रडेल, पाया पडेल, निदान बसेल. तिने हात छातीशी धरला आणि निघून गेली. मागे वळून पाहिलं नाही. संध्याकाळी डबा आला नाही. खानावळीसमोरून गेलो तर तिने नवऱ्याला पुढे केलं, आणि तो म्हणाला, आज जागा नाही. टेबलं रिकामी दिसत होती.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मोची आणि दादा सकाळीच आले. त्यांना खानावळवालीचं कळलं होतं. आमचंही सोडवा म्हणाले. मी म्हटलं, कोळसे ओले आहेत. उद्या करू.

कोळसे ओले नव्हते.

उद्या नक्की करीन. फक्त आजचा दिवस.

२२ नोव्हेंबर, शनिवार

अजून केलेलं नाही. परवा ओल्या कोळशांचं निमित्त सांगितलं, काल माझ्या हाताच्या कापऱ्याचं. लोक वाढलेत. घरगुती चाकू नेलेल्या बायकाही येऊन बसतात, एकजण तर कणकेने भरलेला चाकू तसाच घेऊन. खुर्च्या पुरत नाहीत, म्हणून बाईंच्या घरातून पाट आणले. मी एकेकाला घास भरवतो, पाणी पाजतो, कपाळावरचे केस मागे करतो. दादा म्हणाला, काका, तुम्हाला बरं सापडलं कुटुंब. तो टोमणा होता. मी हसण्यावारी नेला.

दादाच्या मनगटावर शिसवीच्या रेषा दिसल्या. आधी वाटलं घाण आहे. पुसून पाहिली. रेषा कोपराकडे चालल्या आहेत.

उद्या सकाळी सगळ्यात आधी दादाचं सोडवायचं. शपथ.

२३ नोव्हेंबर, रविवार

पातं लाल होईपर्यंत तापवलं. लाख वितळली नाही. दादाने हात मागे घेतला नाही. मी विचारलं, भाजतंय का? तो म्हणाला, काका, कशाला त्रास घेता.

त्याचा आवाज लांबून आल्यासारखा.

तीन दिवसांपूर्वी केलं असतं तर झालं असतं. बाकीच्यांचंही करून पाहिलं. एकाचंही नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आता ते बोलत नाहीत. खातही नाहीत. मी भात कालवून सगळ्यांसमोर फिरलो — तोंडं मिटलेली. सकाळी येतात, बसतात, उजेड कमी झाला की जातात. कुठे जातात ते बघायला मागून निघालो नाही.

आज दादाच्या दंडाला हात लावला. तेल लावलेल्या लाकडासारखा गुळगुळीत. गार.

मोच्याची बायको दारात आली, नवऱ्याला हाक मारली. त्याने मान वळवली नाही. रापी वळली. रापी तिच्या दिशेने वळली, आणि रापीच्या मागून हात, मग खांदा, मग तो. कोण कुणाला धरून आहे ते मला तेव्हा कळलं. मूठ म्हणजे काय, पात्याला हलवायला जे लागतं ते. माणूसच —

ती पळाली. बरं झालं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

थोरल्याला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, बाबा, औषधं वेळेवर घेताय ना, दिवाणखान्यात पाहुणे आहेत, रविवारी बोलू. मी म्हटलं, मला घेऊन जा. लाइनवर कुणी नव्हतं.

आज ते संध्याकाळी गेले नाहीत.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

पेटी भरली. दाराशी दादा बसला आहे. मी म्हटलं, दादा, जरा बाजूला हो. सुरीचं टोक माझ्याकडे फिरलं. धमकी नव्हती. लहान मूल बोट दाखवतं तसं. बस, असं.

बसलो.

मिस्त्रींची रीत करून पाहायचं ठरवलं. उशीर झाला असेल, पण दुसरं काय आहे हातात. एक छोटा चाकू घेतला, लाख भरली, शेपटी दाबली, तारेला टांगला. हात लावला नाही. गार झाल्यावर सगळ्यांसमोर उभा राहिलो, म्हटलं बघा, असं घ्यायचं आणि असं ठेवायचं. शिका. मला माफ करा आणि शिका.

चाकू घेतला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर लागत नसेल तर —

सोडायचं मुठीला शिकवणार होतो. पण हात माझाच. मुठीत खोट नव्हती कधी. माझ्या हातात —

पातं निखाऱ्यावर धरायला दुसरा माणूस लागतो. मोकळ्या हाताचा. इथे इतके लोक आहेत आणि मोकळा हात एकाचाही नाही.

उजवी करंगळी तपकिरी झाली आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

दुपार. दार वाजतंय.

खानावळवाली आहे. आवाज ओळखला. म्हणते, काका, उघडा, निखारे आणलेत, मी धरते पातं. म्हणते, तेव्हा तशीच निघून गेले, चुकलं माझं. एकटी आली आहे. तिचे दोन्ही हात मोकळे —

हे सगळे दाराकडे वळलेत. पाती आधी.

तिला म्हटलं जा. ऐकत नाही. कडी आतून आहे, फळी कुजकी आहे, ती ढकलते आहे. उठून तिला हाकललं पाहिजे. किंवा कडी काढून बाहेर पडावं आणि तिला घेऊन पळावं. दादा अजून बसलेला आहे. मधून जाता येईल. आता गेलं तर जाता येईल.

उठतो. कडी काढायला एक हात लागेल. पेन ठेवतो.

पेन ठेवतो

ठेवतो आहे. बोटं उघ

पेन